एसी सर्व्हिसिंगचा धंदा: पाना चालवण्यापासून माणसं चालवण्यापर्यंत

एकटा मेकॅनिक, हाताशी एक हेल्पर, फोन सारखा वाजतोय आणि एप्रिलमध्ये रोज चार-पाच गिऱ्हाइकांना ‘उद्या बघतो’ म्हणावं लागतंय. या अवस्थेत बहुतेक जण ओळखीतला एखादा मेकॅनिक घाईघाईने कामावर घेतात, त्याच्या हातात पत्ता देतात आणि स्वतः दुसऱ्या कॉलवर निघून जातात. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू होतात. मालक स्वतः जाऊन काम निस्तरतो, पगार द्यावा लागतो तो वेगळाच. पावसाळ्यात तो मेकॅनिक सुटतो आणि जाताना पाच-पंचवीस गिऱ्हाईकंही घेऊन जातो. मग ‘आजकाल माणसं मिळत नाहीत’ म्हणत मालक परत एकटा शिडीवर चढतो.

माणूस घ्यायलाच हवा होता, फक्त तो चौथ्या पायरीवर. त्याआधीच्या तीन पायऱ्या कोणी करत नाही, कारण त्यात काम केल्यासारखं वाटत नाही. हा क्रम एसी-फ्रिज दुरुस्ती करणाऱ्या, दोन-तीन माणसांच्या धंद्याला समोर ठेवून लिहिला आहे. आरओ, प्लंबिंग, पेस्ट कंट्रोल किंवा इलेक्ट्रिकची कामं घेणाऱ्यांनी आपापली हत्यारं आणि आपापला सीझन घालून वाचावं.

## सुरुवात कधी करायची

जुलैमध्ये. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाऊस येईपर्यंत सीझन असतो, त्या काळात नवी पद्धत बसवायला गेलात तर ती चार दिवसांत मोडते आणि ‘आपल्या धंद्यात हे चालत नाही’ असा कायमचा समज होतो. जुलै ते सप्टेंबर हिशेब, लिखाण आणि फोनची व्यवस्था. ऑक्टोबरच्या उकाड्यात थोडे कॉल येतात, तेव्हा नव्या माणसाला बरोबर घेऊन काम. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत त्याला एकट्याला सोडायची तालीम. मार्चमध्ये तुम्ही बाहेर आणि जोड्या (एक मेकॅनिक, एक हेल्पर) कामावर.

इशारा: मार्चमध्ये हा लेख वाचत असाल तर या सीझनला फक्त पहिली पायरी करा. बाकीचं पावसाळ्यात.

## पायरी १: तुम्ही शिडीवरून उतरलात तर धंद्याला परवडेल का?

हा हिशेब न करताच लोक उतरतात. एक नमुना मांडतो. आकडे समजा म्हणून घेतले आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला.

आज तुम्ही आणि एक हेल्पर मिळून वर्षाच्या सरासरीने महिन्याला ७५ कॉल करता. पार्टचे पैसे वगळून एका कॉलची मजुरी सरासरी ७०० रुपये. म्हणजे ५२,५०० जमा. त्यातून हेल्परचे १३,०००, पेट्रोल ५,०००, फोन आणि हत्यारांची झीज २,००० वजा केले की तुमच्या हाती ३२,५०० राहतात.

आता तुमच्या जागी २२,००० पगाराचा मेकॅनिक ठेवला. जमा तेवढीच, पण खर्च ४२,००० झाला. परत जावं लागणाऱ्या कॉलचे २,५०० धरा. एका जोडीमागे उरले ८,०००. अशा चार जोड्या उभ्या केल्या तर ३२,००० होतात. म्हणजे चार जोड्या सांभाळून तुम्ही होता तिथेच! आणि अजून फोन घेणाऱ्या माणसाचे १२,००० आणि गाळ्याचं भाडं ६,००० द्यायचं बाकी आहे. ते दिलं की उरतात १४,०००.

दर ७०० ऐवजी ९०० केला आणि त्यापायी प्रत्येक जोडीचे महिन्याला पाच कॉल गेले असं धरू. ७० कॉलचे ६३,०००, त्यातून ४४,५०० वजा, उरले १८,५००. तीन जोड्यांचे ५५,५००. फोन आणि गाळा काढून ३७,५००. दर वाढवला, कॉल घटले, तरी एक जोडी कमी ठेवून हातात जास्त आले.

आजचा तुमचा दर तुमच्या अंगमेहनतीचा आहे, त्यात देखरेखीचा पैसा धरलेलाच नाही. म्हणून आधी दर, मग माणूस. जुन्या गिऱ्हाइकांना दर वाढवताना वाईट वाटतं हे खरं. त्यांच्यासाठी वार्षिक देखभाल करार काढा: वर्षाला दोन वेट सर्व्हिस (पाण्याने धुऊन केलेली सफाई), एक तपासणी भेट, मधल्या काळात व्हिजिट चार्ज माफ, पार्ट वेगळे. पैसे आगाऊ घ्या आणि एक सर्व्हिस डिसेंबर-जानेवारीतच उरका. रिकाम्या महिन्यांत जोडीला काम मिळतं, पगार भागतो, आणि एप्रिलमध्ये त्याच घरातून ‘कूलिंग कमी आहे’ असा फोन यायची शक्यता घटते.

तपासा: जोडीमागे उरणारी रक्कम गुणिले जोड्या, वजा फोन आणि जागा. उत्तर आजच्या तुमच्या कमाईपेक्षा कमी येत असेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. दर, कराराची संख्या किंवा एका दिवसातले कॉल, यातलं काहीतरी बदलल्याशिवाय माणसं वाढवणं म्हणजे तोटा वाढवणं.

## पायरी २: ‘काम झालं’ म्हणजे काय, ते लिहून काढा

तुमच्या डोक्यात ते आहे. नव्या मुलाच्या डोक्यात ‘चालू झाला, गार लागतोय’ एवढंच असतं. दोन्हींत जे अंतर आहे त्यातून तक्रारी येतात.

जाडजूड पुस्तक करू नका, कोणी वाचणार नाही. तुमचे बहुतेक कॉल पाच-सहा प्रकारांतच मोडतात: वेट सर्व्हिस, पाणी गळणं, कूलिंग कमी, युनिट चालूच होत नाही, नवीन बसवणं, काढून दुसरीकडे बसवणं. प्रत्येकाला एक पान. वेट सर्व्हिसचं पान साधारण असं होईल:

- काम सुरू करण्याआधी एसी चालवून बघणे. आवाज, थंडावा, रिमोट, आधीपासून तुटलेलं झाकण. तुटलेलं काही असेल तर गिऱ्हाइकाला दाखवून फोटो.
- मेन बंद करणे. पीसीबी (एसीची इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) आणि मोटरवर प्लास्टिक बांधणे, भिंतीला आणि फर्निचरला जॅकेट-पिशवी लावणे, मगच जेट पंप (जोराने पाणी मारणारा पंप).
- कॉइल, ब्लोअर, ट्रे धुणे. ब्लोअरच्या पात्यांत काळा थर राहिलेला चालणार नाही.
- ड्रेन: ट्रेमध्ये बाटलीभर पाणी ओतून बाहेरच्या टोकाला ते धारेने येतं का बघणे.
- आउटडोअर युनिट आतून बाहेरच्या दिशेने धुणे, फिन (कॉइलवरच्या पातळ पत्र्या) दाबल्या जाऊ न देणे.
- पंधरा मिनिटं चालवून तीन आकडे लिहिणे: आत ओढल्या जाणाऱ्या हवेचं तापमान, ग्रिलमधून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान, आणि क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर.

यातली बाटलीची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण पाणी गळतीची तक्रार बहुधा सर्व्हिसनंतर दोन-तीन दिवसांनी येते. धुताना सुटलेला गाळ ड्रेन पाइपच्या खोलगट वळणात जाऊन बसतो. पाणी ओतलं आणि बाहेर थेंब-थेंब आलं तर पाइपात काहीतरी अडकलंय. धार आली तर मोकळा आहे. एका मिनिटाच्या या कामाने पुढची फेरी वाचते.

आकड्यांची मर्यादाही पानावर असू द्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानात ८ ते १२ अंशांचा फरक मिळायला हवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो थोडा कमीच येतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे अँपिअर आणि गॅसचं प्रेशर पूर्ण लोडवर असतानाच घ्यायचे, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. हे नवीन मुलांना कोणी सांगत नाही आणि ती इन्व्हर्टरचं प्रेशर कमी दिसलं की गॅस मारून मोकळी होतात.

गॅसबद्दल एक नियम मोठ्या अक्षरात: लीक सापडल्याशिवाय गॅस भरायचा नाही. गॅस हा पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. फ्लेअर नट (पाइप जोडणारे नट), सर्व्हिस व्हॉल्व्ह, कॉइलचे बेंड आधी बघायचे. मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडे खाऱ्या हवेने कॉइलला भोकं पडतात, तिथे नुसता टॉप-अप म्हणजे दोन महिन्यांत भांडण. नवीन बसवताना व्हॅक्यूम पंप लावायचाच, गॅस सोडून पाइपातली हवा ‘उडवून’ द्यायची नाही.

तपासा: तुमच्या हेल्परला पान द्या आणि स्वतः गप्प उभे राहा. तो जिथे अडखळेल किंवा ‘इथे काय करायचं?’ विचारेल, तिथे पान अपुरं आहे. त्याला बोल लावू नका, पान सुधारा.

## पायरी ३: पाना हातात ठेवून आधी फोन सोडा

बहुतेकांचा उलटा क्रम असतो: काम दुसऱ्याला देतात आणि फोन स्वतःकडे ठेवतात. मग मेकॅनिक पत्ता विचारायला तुम्हालाच फोन करतो, गिऱ्हाईक ‘माणूस कुठवर आलाय’ विचारायला तुम्हालाच, आणि दुकानदार उधारीसाठी तुम्हालाच. दिवसभर तुम्ही टेलिफोन ऑपरेटर.

गिऱ्हाइकांना नवा नंबर देऊ नका. दहा वर्षं लोकांच्या मोबाइलमध्ये ‘एसीवाले’ म्हणून सेव्ह असलेला नंबर हीच तुमची खरी पुंजी आहे. तो नंबर धंद्याला देऊन टाका आणि स्वतःसाठी नवीन सिम घ्या. नवा नंबर घरच्यांना, मेकॅनिकना आणि दुकानदारांनाच. जुन्या नंबरचा फोन गाळ्यातल्या टेबलावर राहील, संध्याकाळी कोणीही तो घरी नेणार नाही.

फोन कोण घेणार? अनेक ठिकाणी हे काम बायको, बहीण किंवा वहिनी करते आणि उत्तम करते. तिला पगार लावा आणि तो हिशेबात दाखवा. फुकटातलं काम हिशेबात धरलं नाही तर पहिल्या पायरीचं गणितच खोटं ठरतं. बाहेरची व्यक्ती असेल तर एसीचं ज्ञान नसलं तरी चालेल. तिला पाच प्रश्न पाठ हवेत: कुठला भाग आणि कितवा मजला, स्प्लिट की विंडो, काय होतंय, शेवटची सर्व्हिस कधी झाली, आउटडोअर युनिटपर्यंत हात पोचतो का. शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो आणि जोडी शिडी किंवा पट्टा नसताना सातव्या मजल्यावर जाऊन उभी राहते.

कॉल वाटताना भाग धरून वाटा. पुण्यात एकाच जोडीला सकाळी वारजे, दुपारी खराडी आणि संध्याकाळी धायरी दिलंत तर अर्धा दिवस सिग्नलवर गेला. एका जोडीकडे सिंहगड रोड-वारजे-कोथरूड, दुसरीकडे हडपसर-मगरपट्टा-खराडी. वेळ सांगताना ‘११ वाजता’ म्हणू नका, ‘११ ते १’ म्हणा आणि निघताना मेकॅनिकने फोन करायचा.

तपासा: सलग आठवडाभर तुम्ही स्वतः एकही कॉल बुक न करता दिवसाचं काम लागलं का? लागलं असेल तर पुढे चला.

## पायरी ४: आता माणूस

आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तिथला पास झालेला मुलगा सर्किट वाचतो, पण जेट पंप धरायला शिकवावं लागतं. उलट दहा वर्षं दुसऱ्याकडे काम केलेला मेकॅनिक पहिल्या दिवसापासून कॉल बंद करतो, पण त्याच्या सवयी मोडणं जड जातं. माझं मत विचाराल तर पहिली नेमणूक आयटीआयच्या मुलाची करा आणि जुना, तयार मेकॅनिक दुसरा घ्या. तुमची लिहिलेली पद्धत पहिल्याच्या हातात बसली असेल तर दुसऱ्याला ‘इथे असंच करतात’ हे सांगावं लागत नाही, दिसतं. शिकाऊ उमेदवार घेण्याची सरकारी राष्ट्रीय योजना आहे, तीत विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, भार केंद्र सरकार उचलतं. तेही बघा.

पगारात दोन चुका होतात. पहिली, विकलेल्या पार्टवर कमिशन. चांगल्या एसीतले कपॅसिटर बदलले जाऊ लागतात आणि सहा महिन्यांत तुमचं नाव खराब. दुसरी, नुसत्या कॉलच्या संख्येवर पैसे. बाटलीभर पाणी ओतायला मग कोण थांबणार? ठरलेला पगार द्या आणि त्यावर बक्षीस लावा ते ३० दिवसांत परत न आलेल्या कॉलवर. परत आलेल्या कॉलवर त्याच जोडीने जायचं, वेगळे पैसे नाहीत. पगार कापायचा मात्र नाही. कापायला लागलात की तक्रारी तुमच्यापर्यंत पोचायच्या बंद होतात. मेकॅनिक गिऱ्हाइकाशी परस्पर मिटवून टाकतो आणि पुढच्या वेळी ते गिऱ्हाईक त्यालाच थेट फोन करतं.

उचलीचाही नियम पहिल्याच दिवशी सांगा: किती, किती दिवसांनी, कशी फेडायची. सीझनच्या तोंडावर मोठी उचल दिली म्हणजे माणूस टिकेल ही समजूत खोटी आहे. उचल अंगावर झाली की तोच पळतो.

### कागद आणि जीव

नेमणुकीआधी हे उरका, नंतर होत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते आणि दुरुस्तीच्या कामावर १८ टक्के कर लागतो. तीन जोड्यांचा धंदा या रेषेच्या आसपास असतोच, म्हणून दर ठरवतानाच विचार करा. दहा माणसं झाली की ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा), वीस झाली की प्रॉव्हिडंट फंड. व्यवसाय कर वेगळा. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. ती असेल तर कंपन्यांकडचं येणं मागताना कायदा तुमच्या बाजूने राहतो: लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात.

माणूस कामावर असताना पडला तर जबाबदारी मालकाची आहे, १९२३ च्या कायद्यापासून ती आहे, आणि तो कच्चा होता, रोजंदारीवर होता असली कारणं चालत नाहीत. ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार नुकसानभरपाई) नावाने मिळणारा विमा पहिल्या माणसापासून घ्या.

इशारा: कमरेला नुसता दोर बांधून छज्ज्यावर उतरणं बंद. पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट आणि तो अडकवायला पक्की जागा नसेल तर कॉल रद्द करायचा अधिकार मेकॅनिकला द्या, आणि त्याने रद्द केला तर त्याच्यावर आवाज चढवू नका. एकदा जरी चढवलात तरी पुढच्या वेळी तो उतरेल. आर-३२ आणि त्याहून जास्त आर-२९० हे ज्वलनशील गॅस आहेत. त्यांचे सिलिंडर उन्हात बंद गाडीत ठेवायचे नाहीत आणि सिस्टीममध्ये गॅस असताना पाइप जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवायचा नाही.

## पायरी ५: हात खिशात घालून उभं राहणं

सगळ्यात अवघड पायरी हीच. तुम्ही वीस मिनिटांत करता ते काम नवा मुलगा पन्नास मिनिटांत करतो. बघवत नाही. मग तुम्ही पाना हिसकावून घेता, काम होतं, आणि त्या मुलाला कळतं की अडलं की थांबायचं, मालक करतो.

क्रम असा ठेवा. सुरुवातीचे काही कॉल तुम्ही करा आणि प्रत्येक गोष्ट का करता ते बोलत राहा. मग तो करेल आणि तुम्ही हात खिशात घालून उभे राहाल. तोंडही बंद, फक्त वीज, उंची किंवा आग यांचा धोका असेल तरच बोलायचं. चुका खाली उतरल्यावर, गिऱ्हाइकाच्या समोर नाही. त्यानंतर तो एकटा जाईल आणि तुम्ही काम संपायच्या दहा मिनिटं आधी पोचाल. शेवटी तो एकटा जाईल आणि तुम्ही फक्त जॉब कार्ड, म्हणजे त्या कामाचे आकडे लिहिलेला कागद, बघाल.

सगळी कामं एकदम सोपवू नका. आधी वेट सर्व्हिस आणि करारातल्या भेटी. मग पाणी गळती आणि कपॅसिटर-सेन्सरसारखी छोटी दुरुस्ती. मग नवीन बसवणं, कारण त्यात चूक झाली तर तांब्याचा पाइप आणि भिंत दोन्ही जातात. गॅस चार्जिंग आणि लीक शोधणं त्यानंतर. पीसीबीचं निदान, मोठ्या कामाचे भाव देणं आणि चिडलेलं गिऱ्हाईक या तीन गोष्टी पहिलं वर्षभर तुमच्याकडेच राहू द्या.

तपासा: तो चुकला तर तुम्हाला आधी कोणाकडून कळतं? त्याच्याकडून कळत असेल तर शिकवणं बरोबर चाललंय. गिऱ्हाइकाकडून कळत असेल तर तो तुम्हाला घाबरतो.

## पायरी ६: माल, तांबं आणि पैसे

धंदे फुटतात ते बहुधा इथेच, आणि भांडण होतं ते किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून.

प्रत्येक जोडीची बॅग ठरलेल्या यादीने भरा: नेहमीचे कपॅसिटर, सेन्सर, फ्लेअर नट, इन्सुलेशन, टेप, ड्रेन पाइप. नियम एकच, जुना पार्ट आणला की नवा मिळणार. त्याने चोरी थांबते, आणि जुना पार्ट तुम्ही मीटरवर तपासलात तर निदान बरोबर होतं का तेही कळतं.

बदललेल्या तांब्याच्या पाइपचा भंगार कोणाचा? हे आजवर कुणी लिहून ठेवलेलं मी पाहिलेलं नाही आणि यावरून चांगल्या जोड्या मोडलेल्या पाहिल्या आहेत. माल गिऱ्हाइकाचा आहे, आधी त्याला विचारायचं. त्याला नको असेल तर भंगार गाळ्यावर जमा, दिवाळीत विकून सगळ्यांत वाटप. तुमचा नियम वेगळा असू शकतो, पण तो असू द्या आणि सगळ्यांना माहीत असू द्या.

पैसे धंद्याच्या खात्यावरच. जॉब कार्डवरच क्यूआर छापा म्हणजे मेकॅनिकच्या स्वतःच्या नंबरवर पैसे घ्यायचा प्रश्न उरत नाही. रोख आली तर त्याच संध्याकाळी गाळ्यावर. पावती मोबाइलवर जाईल, तीवर लिहा की कामाची ३० दिवसांची हमी याच नंबरवर आहे. परस्पर काम करून घेणारं गिऱ्हाईक त्या ओळीमुळे थोडं तरी थबकतं. ‘पार्टी फोडणं’, म्हणजे मेकॅनिकने गिऱ्हाईक परस्पर स्वतःकडे वळवणं, पूर्ण बंद कधीच होत नाही. कराराची गिऱ्हाईकं जितकी जास्त, तितकं ते कमी.

## पायरी ७: ‘तुम्हीच या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचं काय

जुनी गिऱ्हाईकं नवा मुलगा बघून नाराज होतात. फोन येतो:

“तो मुलगा नको हं. तुम्हीच या.”

यावर ‘मी आता येत नाही’ असं सांगितलं की माणूस दुखावतो. ‘बरं, येतो’ म्हटलं की सहा महिने मागे गेलात. उत्तर असं द्या: “काकू, मुलगा माझ्याच हाताखाली तयार झालाय. काम तो करेल, काम झाल्यावर मी स्वतः तुम्हाला फोन करीन. तुम्हाला पटलं नाही तर मी येतो, पैसे नाही घेणार.” आणि फोन खरंच करा. हा फोन चुकला तर पुढच्या वेळी त्या ऐकणार नाहीत.

पहिल्या भेटीला शक्य असेल तर दोघांनी मिळून जा. दारातच मुलाची ओळख करून द्या, त्याच्या नावाने, ‘आमचा माणूस’ म्हणून नव्हे. मग तुम्ही हॉलमध्ये बसा, चहा घ्या, गप्पा मारा, पण बेडरूममध्ये एसीकडे फिरकू नका. तुम्ही निवांत बसलेले दिसलात की काकूंनाही निवांत वाटतं.

## पायरी ८: रोज काय बघायचं

शिडी सुटली की पहिले काही दिवस रिकामं वाटतं आणि मालक कारण काढून साइटवर जातो. त्याऐवजी सकाळी अर्धा तास चार गोष्टी बघा.

काल किती कॉल बंद झाले आणि किती चोवीस तासांहून जास्त लटकले आहेत. गेल्या तीस दिवसांत परत आलेले कॉल किती, कोणत्या जोडीचे, कशामुळे. किती पैसे येणं आहे आणि कोणाकडे. कोणत्या जॉब कार्डवर आकडेच लिहिलेले नाहीत. शेवटची गोष्ट सगळ्यात बोलकी. आकडे कोरे असतील तर मशीन पंधरा मिनिटं चाललेलंच नाही. आणि तीन कार्डांवर सारखेच आकडे दिसले तर ते गाळ्यावर बसून भरलेले आहेत.

मग आठवड्यात एकदा, न सांगता, काल झालेल्या एखाद्या कामावर जा. ड्रेनचं टोक, आउटडोअरचा ब्रॅकेट, पाइपवरच्या टेपचा शेवट, भिंतीतल्या भोकाला लावलेलं सीलंट, एवढं बघा. पाच मिनिटांचं काम. दोष सापडला तर स्वतः दुरुस्त करू नका, त्याच जोडीला बोलवा. तुम्ही स्क्रू घट्ट केलात तर त्या जोडीला तो सैल होता हे कळणारच नाही.

उधारीकडे विशेष लक्ष द्या. सोसायट्या आणि ऑफिसं पैसे अडकवतात आणि मेकॅनिक ते मागू शकत नाही. बिल गेल्यापासून १५ व्या दिवशी फोन, ३० व्या दिवशी स्वतः भेट. हातात पाना असताना यासाठी तुम्हाला वेळच नव्हता.

## पायरी ९: पहिला सीझन

एप्रिलचा तिसरा आठवडा. पारा वर, कॉल दुप्पट, एक मेकॅनिक लग्नाला गावी गेलेला. सवयीने तुम्ही बॅग उचलाल. उचलायची असेल तर उचला, पण जोडीच्या वेळापत्रकात तुमचं नाव रोजचं म्हणून लावू नका. सीझनमध्ये दिवसाला जास्तीत जास्त दोन कॉल आणि तेही पीसीबी किंवा अडलेल्या निदानाचे, असा नियम आधीच ठरवा. दुपारी चार ते सहा फोनजवळ राहायचंच, कारण तक्रारी तेव्हाच उसळतात.

लग्नाचे मुहूर्त मार्चमध्येच विचारून घ्या आणि रजा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एका जोडीतला हेल्पर वेट सर्व्हिस एकट्याने करू शकेल इतका दिवाळीनंतर तयार करून ठेवा, तो या आठवड्यात कामाला येतो. नवीन गिऱ्हाईक घेणं थांबवावं लागलं तर थांबवा, कराराच्या घरांना मात्र चोवीस तासांच्या आत माणूस पोचलाच पाहिजे. त्यांनी पैसे आगाऊ दिलेले आहेत.

सीझनमध्ये पद्धतीत बदल करू नका. जे खटकेल ते वहीत लिहून ठेवा: कोणतं पान अपुरं पडलं, कोणत्या भागाला अजून एक जोडी हवी, फोन घेणाऱ्याला कुठला प्रश्न सुचला नाही. जुलैमध्ये ती वही उघडायची, पहिल्या पायरीचा हिशेब नव्या आकड्यांनी परत मांडायचा आणि जोडीमागे उरलेली रक्कम ठरवल्यापेक्षा कमी आली असेल तर चौथी जोडी घ्यायची नाही.